गर्भातली गाठ आणि आपण



२०१७ साली मुंब्र्यात, म्हणजे आपल्याच लोकलच्या वाटेवर, एका गर्भवतीच्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटात गाठीसारखे काही दिसले. तो वाढ खुंटलेला जुळा भ्रूण होता. जन्मानंतर काही दिवसांतच शस्त्रक्रिया करून तो काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या अशाच एका नवजात बाळावर अमरावतीला शस्त्रक्रिया झाली. दोन्ही वेळा डॉक्टरांना आधीच कळले होते, म्हणून तयारी करता आली.

पण आधी कळणे नेहमीच असे सुखाचे नसते. माकडहाडाशी येणारी टेराटोमा नावाची गाठ साधारण ३५ ते ४० हजार जन्मांत एका बाळाला होते. जन्माच्या वेळी ती बहुधा कॅन्सरची नसते. मात्र मोठी, रक्ताने भरलेली असेल तर बाळाच्या हृदयावर ताण येतो, अंगात पाणी साठते. अशा वेळी वरचेवर सोनोग्राफी करतात, गाठ फुटू नये म्हणून सिझेरियन करतात आणि नंतर माकडहाडासकट गाठ काढतात. पुढे काही वर्षे तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. हृदयातल्या काही गाठी तर जन्मानंतर आपोआप लहान होतात, पण कधी त्यांच्याबरोबर मेंदूचा आजारही असतो. काही बाळे जन्मापूर्वीच जातात. हे लपवून धीर देणे आम्हांला बरे वाटत नाही.

ख्रिस्तसभेने १९८७ साली स्पष्ट सांगितले की, गर्भाची तपासणी बाळाच्या रक्षणासाठी व उपचारासाठी असेल तर ती योग्यच आहे. दोष दिसताच जीव घ्यायचा, या हेतूने ती करू नये. त्याचबरोबर, आशा उरलेली नसताना बाळाला यातनादायक उपचारांत ओढत राहण्याची सक्तीही ख्रिस्तसभा करीत नाही. देशाचा कायदा वेगळा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी देऊ शकते. म्हणजे निर्णयाचा भार शेवटी त्या आईबापांवरच येतो.

आणि इथे प्रश्न आपल्याकडे वळतो. 'गर्भपात करू नका' हे बाकावर बसून सांगायला पैसे पडत नाहीत. समजा, आपल्या कॅम्प ३ मधल्या एका बाईला परळच्या वाडिया बाल रुग्णालयात जायला सांगितले. प्रत्येक खेपेला नवऱ्याचा दिवसाचा रोज बुडतो, थोरल्या पोराला सांभाळायला कोणी नसते. वर शेजारीण विचारते, "ग्रहणात काही चिरलंस का गं?" ग्रहणाने गाठ होत नाही. आंधळ्या माणसाकडे पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने ना त्याला दोष दिला, ना त्याच्या आईबापांना. आपण मात्र अजून तोच प्रश्न विचारतो! त्या बाईला जीव राखायला सांगणाऱ्याने तिच्याबरोबर लोकलमध्ये बसायचीही तयारी ठेवावी, असे आमचे मत आहे. पवित्र मरिया अलिशिबेला नमस्कार करून लगेच परतली नाही. सुमारे तीन महिने ती तिच्या घरी राहिली.

अशा घरी गेलात तर एक गोष्ट आठवणीने सांगा. बाळाच्या जिवाला धोका असेल तर धर्मगुरूंची वाट पाहायची गरज नाही. डोक्यावर पाणी ओतून, पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार आई, बाप किंवा परिचारिकाही देऊ शकते. बाळाचे नाव आधीच ठरवून ठेवावे.