फोन कोणी केला होता?

दुचाकीवरून माल पोहोचविणारा मुलगा वळणावर मान वाकडी करून फोनवर बोलताना दिसला, की आपण सहज म्हणतो, "काय बेफिकीर पोर आहे!" हा ठपका खोटा नव्हे. परंतु पलीकडून कोण बोलत आहे, हे आपण क्वचितच विचारतो. पुष्कळदा तेथे त्याचा मालक असतो. "कुठवर आलास? अजून किती वेळ?" एवढेच त्याला हवे असते. अशा वेळी अपघात झाला, तर त्या फोनचा दोष कोणाच्या पदरी घालावा?

कायद्याने चालकाला जबाबदार धरले आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हातात फोन घेऊन वाहन चालविणे कलम १८४ खाली आणले. पहिल्या गुन्ह्यास एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. फोन करणाऱ्याचा उल्लेख त्या कलमात नाही. म्हणून तो निर्दोष ठरतो काय?

कोणी म्हणेल, "चालक जाणता माणूस आहे, त्याने फोन उचलू नये." म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. मित्राच्या फोनला "नंतर बोलू" म्हणता येते. ज्याच्या हाती आपला पगार, त्याच्या फोनला तसे म्हणावयास धैर्य लागते. फोन न उचलल्याबद्दल ज्याने एकदा बोलणी खाल्ली, तो दुसऱ्यांदा उचलणारच. अमेरिकेच्या श्रम खात्याने २०१० साली मालकांना हेच बजावले: गाडी चालविताना संदेश पाठविणे भाग पडेल अशी कामाची आखणी करणे, हाच मालकाकडून कायद्याचा भंग होय.

दुसरे कोणी म्हणेल, "आम्ही त्याला कानात घालावयाचे यंत्र दिले आहे, हात मोकळे आहेत." हात मोकळे झाले, मन मोठे गुंतलेलेच राहिले. फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवून बोलणे फारसे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारी बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो. समोर गुरे आली की तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्या मालकाला रस्ता दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. "कुठवर आलास?" एवढे विचारून होईपर्यंत तेवढे अंतर मागे पडलेले असते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याभोवती कठडा बांधण्याची आज्ञा आहे. तेथून कोणी पडले तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये, हा तिचा हेतू. पडणाऱ्याने जपून चालावे हे खरेच. तरी कठडा बांधण्याचे काम घरधन्याचे आहे, कारण धाबे त्याचे आहे. रस्त्यावरचे काम ज्याने दिले, त्या कामाचा कठडाही त्यानेच बांधावयाचा.

आपल्यांत कोणाचे दुकान आहे, कोणाचा दवाखाना, कोणी शाळेच्या गाडीची व्यवस्था पाहतो. त्यांनी एवढे करावे. निरोप गाडी निघण्यापूर्वीच द्यावा. फेरीला पुरेसा वेळ धरावा आणि उशीर झाल्यास गिऱ्हाइकाला आपणच उत्तर द्यावे. फोन करणे भागच पडले, तर पहिला प्रश्न "गाडी चालू आहे का?" हा असावा आणि "हो" म्हणताच फोन ठेवावा. गाडी बाजूला उभी करून चालकाने मागाहून फोन केला, तर त्याला शाबासकी द्यावी, रागावू नये. भिंतीवर नियम लावून तोंडाने घाई करणाऱ्या धन्याचे तोंडच नोकर ऐकतो.

मालाला दहा मिनिटे उशीर झाला तर तो भरून काढता येतो. घरी न परतलेला माणूस भरून काढता येत नाही. आणि मागाहून त्याच्या फोनवर शेवटचे नाव आपले निघाले, तर त्या प्रश्नाला आपण काय उत्तर देणार?