मानधनाच्या आधीची वर्षे

तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव झाला. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल लोकांनी वर्गणी काढून भागवले. पुढे २००६ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. या तीन गोष्टी एकापुढे एक मांडल्या की आपल्या कलाधोरणाचा स्वभाव कळतो. कलावंत थकला की शासन त्याच्याकडे वळते. तो फडात उभा असतो, घाम गाळत असतो, त्या तीस-चाळीस वर्षांत मात्र तो एकटाच असतो.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि रक्कम सरसकट दरमहा ५,००० रुपये झाली. एखाद्या म्हाताऱ्या गोंधळ्याच्या घरात या पैशातून औषधे येतात. ती योजना राहिलीच पाहिजे. पण कलेतील कामगिरीचे पुरावे जोडा, असे अर्ज सांगतो, आणि इथे बिकट प्रश्न उभा राहतो. पहाटे दारोदार फिरलेल्या वासुदेवाला कोणी प्रमाणपत्र दिले होते? शिवाय वयाची पन्नाशी आणि गरिबी सिद्ध झाल्यावरच ही मदत हाती येते. माणूस त्यामुळे जगतो. फड त्यामुळे उभा राहत नाही.

ढोलकी फडाचा तमाशा हा मोठा व्याप असतो. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे, ट्रक, तंबू, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी. दसऱ्याला फड बाहेर पडतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा लागल्या की नारायणगावच्या राहुट्यांत गावकारभारी येऊन सुपारी देतात. वर्षाची कमाई मुख्यतः त्या थोड्या आठवड्यांतली. पण खर्च आधीच सुरू होतो, कारण कलावंतांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. फडमालक ती सावकाराकडून आणतो आणि चढ्या व्याजाने फेडतो. पाऊस झाला, दुष्काळ पडला, निवडणुकीची आचारसंहिता लागली की सुपाऱ्या कमी होतात आणि कर्ज पुढच्या हंगामावर चढते. २०२० आणि २०२१ मध्ये तर सलग दोन वर्षे जत्रांचा हंगामच झाला नाही.

याच शासनाने दुसऱ्या एका ठिकाणी फार चांगले काम केले आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून भरते. गावोगावच्या हौशी संस्थांना त्यातून नाट्यगृह मिळते, निर्मितीला हातभार लागतो, परीक्षक आणि प्रेक्षक लाभतात. मराठी रंगभूमीला या स्पर्धेने किती माणसे दिली, ते वेगळे सांगायला नको. तिथे पैसा प्रयोगाच्या वेळी पोचतो, काम चालू असताना. ज्यांचे पोट नोकरीवर चालते त्यांच्या कलेला आधी हात आणि ज्यांचे पोटच कलेवर चालते त्यांना शेवटी, हा फरक मला अस्वस्थ करतो. तमाशाचा फड प्रामुख्याने दलित आणि भटक्या जातींनी उभा केला, हे ध्यानात घेतले की अस्वस्थता वाढते.

सरकारी पैसा आला की सरकारी नजरही येते, हा आक्षेप खरा आहे. १९४८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली होती. ती उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट मागे लागली. नाटकांसाठी परिनिरीक्षण मंडळ आजही आहे. म्हणून वगात काय असावे, लावणी किती ‘शुद्ध’ असावी, याच्याशी अनुदानाचा संबंध नको. राजधानीतल्या एका महोत्सवात निवडक फड आणून त्यांना शाल देण्यापेक्षा भांडवलाची सोय करावी. अडचणीतल्या सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जाला शासन थकहमी देते. फडाच्या सुपाऱ्यांवर हंगामापुरते कर्ज बँकेने द्यावे आणि त्याला शासनाने हमी द्यावी, ही मागणी त्यामानाने किती लहान आहे! सावकाराच्या व्याजातून सुटलेला पैसा नाच्या, सोंगाड्या, ढोलकीवाला यांच्या पगारात आणि विम्यात गेला, तर त्यांची मुले शाळेत टिकतील.

काही मदतीला तर पैसाही लागत नाही. गण, गवळण, बतावणी होऊन वग रंगायला रात्र चढावी लागते, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो. शेतातून आलेला प्रेक्षक जेवून तंबूत येईपर्यंत नऊ वाजतात. सुपारी पूर्ण रात्रीची, खेळ तासाभराचा. झोपेचा हक्क खराच, आजारी माणसाचा तर फारच. पण तेच नियम वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा देतात. हे दिवस जिल्हा पातळीवर ठरतात आणि बहुतेक गणपती, नवरात्र अशा सणांत संपतात. जत्रा मात्र प्रत्येक गावाची वेगळ्या तिथीला. यातला निदान एक दिवस ग्रामसभेच्या ठरावानुसार त्या त्या गावच्या जत्रेला द्यावा. वगाला दोन तास जास्त मिळतील.