शिवणींतील माया

गेल्या श्रावणांत कांहीं कामानिमित्त आम्हांस पालघराहून बोईसरास जावें लागलें. वाटेंत उमरोळीचें एक स्टेशन. तें मागें पडलें कीं बोईसर आलेंच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत आमचे एक चुलत बंधु नोकरीस आहेत. त्यांचें बिऱ्हाड तेथें आहे. भर दुपारीं आम्हीं दारांत पाऊल टाकिलें, तों वहिनींनीं ओठांवर बोट ठेवून आम्हांस आंत घेतलें. बंधु रातपाळी करून आले होते व पडद्यापलीकडे गाढ झोंपले होते. खिडकीशीं शिवणयंत्र होतें, त्यावर जुन्या साडीचें आच्छादन. आणि त्याच्याच पायाशीं बसून वहिनी एका लहानशा पोलक्यास हातानें काजें करीत होत्या. शेजारीं बेतलेल्या कपड्यांचीं गांठोडीं, प्रत्येकास टांचणीनें लाविलेली मापांची चिठ्ठी. गणपति तीन आठवड्यांवर आले होते.

"यंत्र बंद कां?" असें आम्हीं हळूच विचारिलें.

"हे जागे होतील," त्या म्हणाल्या. "रात्रीं हे कामावर गेले, मुलें निजलीं, म्हणजे चालवितें. पण अकरानंतर खालच्या बिऱ्हाडाला आवाजाचा त्रास होतो. तेवढ्यांत जमेल तें खरें."

हें ऐकूनही आम्हीं पिशवींतून कापड काढून पुढें केलें आणि म्हटलें, "वहिनी, सवडीनें एक सदरा शिवून द्या." त्यांनीं मेजपट्टी घेतली, मापें उतरून घेतलीं. शिलाई किती, हें आम्हीं विचारिलें नाहीं. त्यांनींही सांगितलें नाहीं. परत येतांना गाडींत मात्र तो 'सवडीनें' शब्द आमच्या मनांत टोंचूं लागला. जिच्या यंत्रास साऱ्या दिवसांत दोन-अडीच तास आवाज करण्याची मुभा, तिच्याजवळ आम्हीं सवड मागितली होती. आणि तीही फुकट.

आमच्या वहिनी काय करितात, असें कोणीं विचारिलें, तर "घर सांभाळून शिवणकाम करितात" असें उत्तर आम्ही आजवर देत आलों. हें वाक्य स्तुतीचें आहे अशी आमची प्रामाणिक समजूत होती. पण बंधूंविषयीं "ते घर सांभाळून नोकरी करितात" असें आमच्या तोंडून कधीं निघालें नाहीं, आणि निघालें असतें तर ऐकणारास ती थट्टा वाटली असती. एकाच घरांतील दोन माणसें दोन उद्योग करितात. एकाच्या उद्योगास अट नाहीं, दुसऱ्याच्या उद्योगाच्या कपाळावर अट गोंदलेली आहे. हल्लीं ह्या अटीस 'समतोल' असें गोंडस नांव मिळालें आहे. घर आणि धंदा ह्यांचा समतोल साधावा, असा उपदेश बायकांस जो तो करितो. परंतु वाण्याच्या दुकानीं तराजू धरणारा निराळा असतो, माल निराळा आणि वजनें निराळीं. येथें धरणारी तीच आणि तोलली जाणारीही तीच. शिवाय घराच्या पारड्यांतील वजनें आधींच ठरलेलीं: मुलांची शाळा, डबे, पाण्याची वेळ, नवऱ्याची झोंप. ह्यांपैकीं एकही वजन खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण तीं सारीं पक्कीं असल्यावर हलावयाचें राहतें तें दुसरें पारडें, आणि त्याच्या हलण्यालाच आपण समतोल म्हणतों.

ह्याच भागांतील दुसरा एक घरगुती धंदा ह्याच्याशीं ताडून पाहण्याजोगा आहे. चिंचणी-तारापूरच्या बाजूस दागिन्यांचे साचे कोरण्याचें काम पुष्कळ घरांतून चालतें. लोक त्यास 'डायमेकिंग' म्हणतात. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक हत्यारानें नक्षी कोरावयाची. पुढें त्या साच्यावर पातळ पत्रा दाबून दागिन्याचे भाग उठवितात. काम डोळ्यांचें आणि मनगटाचें. केसाएवढी चूक झाली तरी ती प्रत्येक दागिन्यावर उमटावयाची. अशा एका घरीं आम्ही पूर्वीं गेलों होतों. पुढच्याच खोलींत कारागीर मान खालीं घालून बसला होता. खोली वहिनींच्या खोलीहून मोठी नव्हती, पण घरांतील पोरासोरांपर्यंत सर्व तिला 'कारखाना' म्हणत. कोरणें चाललें असतां त्यास कोणी हांक मारीत नसे. चहासुद्धां न बोलतां बाजूस ठेवून जात. कारागिराच्या कौशल्यास ही शांतता शोभते, तिजबद्दल आम्हांस असूया नाहीं. पण काज करणारीचेही डोळेच खर्च होत असतात. घरांतील शांतता ही एक मिळकत आहे, आणि तिची वांटणी कशी होते हें पाहिलें म्हणजे कोणत्या कामास धंदा म्हणतात व कोणत्यास फावल्या वेळेचा उद्योग, तें आपोआप कळतें.

वारली चित्रांची कथा ह्याहून मोठी आहे. लग्नाच्या वेळीं घराच्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक लिहावयाचा, हें वारल्यांमध्यें सुवासिनींचें काम. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तीं चित्रें विधीबाहेर आणून कागदावर व कापडावर काढिलीं, आणि जगभर नांव मिळविलें. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं ते वारले. त्यांची प्रतिभा निर्विवाद होती. तरी हें विसरतां येत नाहीं कीं, जोंवर तें भिंतीवर होतें तोंवर तें बायकांचें घरकाम होतें. बाजारांत आलें तेव्हां तें कला झालें, आणि चित्राखालीं सही आली ती पुरुषाची. आज वारली स्त्रियाही चित्रें काढून विकतात. पण नांव होण्याचा क्रम तो असा.

शिवणयंत्राविषयीं गांधीजींची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९२४ सालीं रामचंद्रन् नांवाच्या एका तरुण विद्यार्थ्यानें त्यांस यंत्रांविषयीं खोंचून प्रश्न केले. तेव्हां यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या त्या पुरुषानें शिवणयंत्रास मात्र अभय दिलें. सिंगरनें आपल्या पत्नीस शिवणांत कष्टतांना पाहिलें व प्रेमापोटीं तें यंत्र काढिलें, अशी त्यांची समजूत होती. इतिहास थोडा निराळा आहे. आयझॅक सिंगरचा संसार प्रेमळ पतीचा दाखला म्हणून देण्याजोगा मुळींच नव्हता. त्यानें एकाच काळीं एकाहून अधिक घरें मांडिलीं होतीं! बायकोच्या शिवणकामावर घर चाललेलें पाहून ज्याला यंत्र सुचलें असें सांगतात, तो एलायस हौ. त्याचें पेटंट १८४६ चें, सिंगरचें १८५१ चें. परंतु प्रेम कोणाचेंही असो, त्या प्रेमानें वांचविलेले तास गेले कोठें? अमेरिकेंत त्या काळीं एका यंत्र विकणाऱ्या कंपनीनें हिशेब केला होता कीं, पुरुषाचा एक सदरा हातानें शिवावयास सुमारें साडेचौदा तास लागतात, यंत्रावर सव्वा तास. म्हणजे सव्वातेरा तास वांचले. ते शिवणारणीच्या पदरांत पडले असें मात्र नाहीं. कपड्यांना झालरी वाढल्या, कपड्यांची संख्या वाढली, आणि नगावर मजुरी घेऊन शिवणारणींच्या वाट्यास सव्वा तासाची किंमत आली.

आतां कोणी म्हणेल, तुम्ही घराचें दुकान करावयास निघालां आहां. आज सदऱ्याची शिलाई, उद्यां चहाचा पैसा, परवां आजारी मुलाच्या उशाशीं काढलेल्या रात्रीची पावती! हा आक्षेप हलका नाहीं. आमच्या आजीनें जुन्या लुगड्यांची गोधडी आम्हांस शिवून दिली होती. तिची मजुरी विचारणारास तिनें घराबाहेर काढिलें असतें, आणि तें योग्यच झालें असतें. तेव्हां आजीची गोधडी आणि वहिनींचा सदरा ह्यांत भेद कोणता? आम्हांस बऱ्याच विचारानंतर असें दिसलें कीं, आजीनें गोधडी शिवतांना दुसऱ्या कोणाचें काम मागें पडत नव्हतें. वहिनींच्या हातीं आमचें कापड गेलें, तेव्हां एखाद्या मुलीचें परकर-पोलकें मागें सरणार होतें. आणि तिच्या आईला शब्द दिला होता तो वहिनींनीं, आम्हीं नव्हे. आमच्या लाडाची किंमत त्यांच्या शब्दानें भरावयाची होती. दुसरें असें कीं, आजीला गोधडी कोणीं मागितली नव्हती. तिच्या मनांत आलें, तिनें शिवली. घरीं आलेल्या दिरानें कापड पुढें केल्यावर वहिनींस नाहीं म्हणण्याची सोय कितपत होती? जें नाकारतां येत नाहीं तें दिलें गेलें तरी त्यास देणगी म्हणवत नाहीं.

मग त्यांनीं घर सोडून कारखान्यांत शिलाईस जावें काय? हेंही आम्हीं एकदां सुचवून पाहिलें होतें. पगार ठरलेला, तास ठरलेले, दिराची पिशवी तेथें पोंचावयाची नाहीं! वहिनी म्हणाल्या, "धाकटा शाळेंतून येतो तेव्हां मी दारांत असावें, हें त्याला हवें आहेच, पण भावोजी, तें मलाही हवें आहे." घरीं राहणें म्हणजे निव्वळ बेडी, असें मानणारांनीं हें उत्तर लक्षांत घ्यावें. पुण्याच्या सेवासदनांत १९०९ नंतर रमाबाई रानडे ह्यांच्या देखरेखीखालीं बायकांस इतर विद्यांबरोबर शिवणकाम शिकविलें जाई. त्या काळच्या अनाथ व विधवा स्त्रियांस घरीं बसून, कोणाचा शब्द न ऐकतां, चार पैसे मिळविण्याचा हा मार्ग होता. घरीं बसून होतें, हाच त्या विद्येचा मोठा गुण. आणि घरीं बसून होतें म्हणूनच तिला कोणी काम म्हणत नाहीं, हाच तिचा मोठा शाप. गुण ठेवून शाप कसा काढावा, एवढाच काय तो प्रश्न.

बंधूंच्या झोंपेवर आमचा कटाक्ष आहे असें मात्र कोणी समजूं नये. रात्रभर यंत्रांपुढें उभा राहिलेला माणूस दिवसा निजणारच. रासायनिक कारखाना संध्याकाळीं कुलूप लावून बंद करतां येत नाहीं, म्हणून पाळ्या. आणि त्या पाळ्यांची हुकमत वसाहतीच्या फाटकाशीं संपत नाहीं. ती दोन कोस चालत येऊन खिडकीशीं ठेविलेल्या शिवणयंत्रावर साडीचें आच्छादन घालते. बोईसरास अशीं घरें किती असतील!

वहिनींकडे दुपारीं दोन मुली शिवण शिकावयास येतात. त्यांचा अभ्यासक्रम कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं. बंधूंची दिवसपाळी असलेल्या आठवड्यांत यंत्र: आधीं वर्तमानपत्राच्या कागदावर बिनदोऱ्याची सरळ टीप, मग वळणें, मग उशीचा अभ्रा. रातपाळीच्या आठवड्यांत हातशिलाई: धावदोरा, बखिया, तुरपाई, काज. नवशिक्या मुलींचा पाय उलटा पडतो, चाक मागें फिरतें, दोरा तुटतो. ह्याचें वहिनींस कांहीं वाटत नाहीं. त्यांस भीति कात्रीची. आम्ही बसलों होतों त्या दुपारीं एका मुलीनें लहान झग्याचें कापड अंगाच्या मापाबरहुकूम कापून आणिलें होतें, अगदीं रेघेवर, मोठ्या अभिमानानें. वहिनींनीं तें हातांत घेतलें मात्र, त्यांच्या चेहऱ्यावर हंसूं आलें. "अग, माया कुठें आहे?"

शिवणीच्या आंत दडवून ठेविलेल्या जादा कापडास शिंपी लोक माया म्हणतात, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. मूल वाढलें, कीं शिवण उसवून कपडा मोठा करावयाचा. माया नसेल तर तो फाटेपर्यंत ताणावयाचा किंवा टाकावयाचा. फार माया ठेविली तर शिवण जाड होते आणि अंगाला टोंचते, म्हणून तिलाही मोजमाप आहे. आमच्या भाषेनें प्रेमास आणि ह्या बोटभर कापडास एकच शब्द लाविला, तो कोणाच्या चतुराईनें कोण जाणे. घरांतील प्रत्येकाच्या दिवसास अशी थोडी माया लागते: नवऱ्यास झोंप, मुलास दारांत आई, दिरास फुकट सदरा. ती सारी एकाच ठाणांतून कापली जाते, आणि त्या ठाणाच्या स्वतःच्या कपड्यास रेघेवर कात्री लागते. त्या मुलीचा तो झगा पाहतांना आम्हांस हें सुचलें नव्हतें. सुचलें तें गाडींत, आणि तेव्हां कापड देऊन झालें होतें.

घरीं पोंचल्यावर आम्हीं फोनवरून बाजारभावापेक्षां कांहीं अधिकच पैसे वहिनींस पाठविले, आणि आपण मोठें न्यायाचें काम केलें अशा समाधानांत झोंपलों. दुसऱ्या दिवशीं त्यांचा फोन आला. अधिक झालेले पैसे त्यांनीं परत केले होते. "सदऱ्याची शिलाई माझी ठरलेली आहे, तेवढीच घेईन," त्या म्हणाल्या, आणि थोडें थांबून, "पण भावोजी, गणपतीच्या आधीं होणार नाहीं. पोरींचे कपडे आधीं द्यायचे आहेत."

क्षणभर आम्हांस राग आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. घरचा माणूस, पैसे रोख मोजलेले, आणि तरी नंबर शेवटचा! गणपतींत आम्ही जुन्याच सदऱ्यानें आरतीस उभे राहिलों. नवा सदरा दसऱ्याच्या आदल्या दिवशीं बंधूंनींच आणून दिला. त्याचीं बटणें आपण लाविलीं असें ते संकोचानें म्हणाले. रातपाळीहून आल्यावर लगेच झोंप लागत नाहीं, तेवढा वेळ बसतों, एवढेंच कारण त्यांनीं दिलें. वरून दुसरें बटण किंचित् तिरपें आहे. आम्हीं सदरा उलटा करून बगलेखालीं पाहिलें. दोन्ही अंगांस बोटभर माया सोडलेली होती.