श्रम, दया आणि मजुरी

चाकणच्या कारखानदारीत निघोजे गावाची बरीच जमीन गेली. तथापि काही शेती अद्याप टिकून आहे. त्यांपैकी एक तुकडा माझ्या एका स्नेह्यांचा. गेल्या पावसाळ्यात तेथे गेलो असता विशीतला एक तरुण मेथीची खुरपणी करताना दिसला. तो जन्मतः मुका व बहिरा. काम नेटके, पण हात मंद. कारखान्यांच्या दारांवरून तो कितीदा तरी परतला होता. स्नेही म्हणाले, "इतरांच्या निम्मी मजुरी देतो खरा, पण मातीत राहून पोराचे मन फुलले, हाही मोबदलाच नव्हे काय?"

श्रमाने मन सावरते, हे मी नाकारीत नाही. १९३९ साली औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. तेथे शिक्षा झालेले कैदी भिंतीवाचून व बेड्यांवाचून शेती करीत. पळून जाण्याची वाट मोकळी असल्यामुळे तेथे राहणे हे त्यांचे स्वतःचे कृत्य ठरे. त्या प्रयोगाचे सारे मर्म मला यातच दिसते. पुढे बाबा आमटे यांनी वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर सहा कुष्ठरोग्यांसह आनंदवनाचा आरंभ केला. रोग्यांनी विहिरी खोदल्या, धान्य व भाजी पिकविली. परंतु ती भाजी विकत घेण्यास आरंभी गावातील लोक धजत ना. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या लोकांनी रोग्यांस चार पैशांची भिक्षा घातली असती; त्यांच्या मालाचे मोल देणे मात्र त्यांस जड गेले. भिक्षा घालताना आपण वरच्या पायरीवर उभे असतो; भाव ठरविताना समोरच्याच्या पायरीवर उतरावे लागते.

म्हणून 'मन फुलले' हे मजुरीच्या हिशेबात धरणे मला अन्यायाचे वाटते. सकाळच्या गार वाऱ्यात बांधावरून फिरल्याने स्नेह्यांचा रक्तदाबही उतरला आहे. त्यापायी त्यांनी पिकाच्या उत्पन्नातला वाटा सोडल्याचे ऐकिवात नाही. आरोग्य हे भूमीचे देणे आहे. मालकाने ते आपल्या खात्यावर का मांडावे?

मी हे बोलून दाखविले, तेव्हा स्नेह्यांनी उलट प्रश्न केला, आणि तो खोटा नव्हता. "दोन एकरांचा धनी मी. त्याच्या मंद हाताची तूट मी एकट्याने का सोसावी? समाजाचे ऋण एका शेतकऱ्याच्या माथी का?" इतर देशांस हा पेच सुचलेला दिसतो. इटलीने २०१५ साली सामाजिक शेतीचा स्वतंत्र कायदाच केला. हॉलंडात अशा शेतांस सार्वजनिक निधीतून साहाय्य मिळते. म्हणजे तूट सर्वांनी वाटून घ्यावयाची. आपल्याकडे ती बहुधा मजूरच सोसतो, आणि वर आभारही मानतो.

"मग तूट भरणार कोण? तुम्ही प्राध्यापक मंडळी?" स्नेह्यांनी हसत विचारले. मला उत्तर देता आले नाही. माझ्या पिशवीत त्याच शेतातल्या मेथीच्या चार जुड्या होत्या, आणि घासाघीस करून त्यांचा भाव मीच नुकताच खाली आणला होता.