उमेदवाराचा धर्म आणि आमचे मत

काही प्रश्न असे असतात की चारचौघांत बोलताना ते अगदी सोपे वाटतात. परंतु मनुष्य मतदान-यंत्रापुढे एकटा उभा राहिला म्हणजे त्यांचे काठिण्य ध्यानात येते. मत देताना उमेदवाराचा धर्म विचारात घ्यावा की न घ्यावा, हा त्यांपैकीच एक होय. ‘मुळीच घेऊ नये’ असे सभेत सर्वच म्हणतात. एकांतात कोण कसे वागतो, हे ज्याचे त्यासच ठाऊक!

आम्ही ख्रिस्ती आहो. २०२४ सालच्या विधानसभा निवडणुकीपूर्वीच्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, आम्ही खराडीस आमच्या एका वृद्ध मावशींकडे गेलो होतो. खराडी नगर रस्त्यावर आहे. ज्या अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले, तिकडूनच मावशींचे कुटुंब याच रस्त्याने पुण्यास आले. आता त्यांच्या घरासमोर संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. पण घरातील प्रश्न मात्र जुनेच. चहाचा पेला पुढे करीत मावशी म्हणाल्या, “तू एवढे वाचतोस, तर एक सांग बाबा. जो आपल्या प्रभूला मानीत नाही, त्याच्या हाती कारभार द्यायला मी मत देणे, ही श्रद्धेशी प्रतारणा तर नव्हे ना?” त्यांचा नातू हसून म्हणाला, “आजी, असे म्हटले तर महाराष्ट्रात आपण घरीच बसावे!” २०११ च्या जनगणनेत या राज्यात ख्रिस्ती लोक शंभरांत एकाहूनही थोडे कमीच भरले. तेव्हा नातवाचे म्हणणे व्यवहारास धरून होते. परंतु मावशी हसल्या नाहीत, आणि त्यांचे न हसणे आम्हांस रास्त वाटले. निरुपायाने पत्करलेली गोष्ट ही काही तत्त्व नव्हे. उद्या आम्ही बहुसंख्य झालो, तर आमचे उत्तर बदलावे काय?

मावशींचा प्रश्न एके काळी टाळता येत असे. १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या विधानसभेतील १७५ जागांपैकी ३ जागा देशी ख्रिस्ती समाजास स्वतंत्र मतदारसंघ म्हणून मिळाल्या होत्या. तेथे मतदारही ख्रिस्ती व उमेदवारही ख्रिस्ती. परधर्मीयाची पारख करण्याचा प्रसंगच नव्हता. पुढे घटना समितीत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा विचार झाला, तेव्हा समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी यांनी, स्वतः ख्रिस्ती असूनही, त्या सोडून देण्याचाच पक्ष घेतला. मे १९४९ मध्ये तसा निर्णय झाला, आणि घटनेच्या ३२५ व्या कलमाने सर्वांची मतदारयादी एकच केली. म्हणजे हा प्रश्न आमच्यावर कोणी लादलेला नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी तो समजून-उमजून पत्करला. इतरांनी आम्हांवर विश्वास टाकावा अशी इच्छा धरावयाची, तर आम्हीही तो टाकावा, हा त्यातील करार होता.

असा विश्वास टाकल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. पुण्यास १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. त्याच टिळकांच्या होमरूल लीगची १९१६ साली बेळगावास स्थापना झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष झाले ते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, धर्माने रोमन कॅथलिक! याच्या उलट बाजूचे उदाहरण विलायतेतील. १८८८ साली पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी, इंग्रज मतदार ‘काळ्या माणसास’ निवडून देतील किंवा कसे याविषयी जाहीर शंका घेतली होती. १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीने पारशी दादाभाई नौरोजींस पार्लमेंटात पाठविले, आणि दादाभाईंनी अवेस्तेस स्मरून शपथ घेतली. फेरमोजणीअंती त्यांचे मताधिक्य अवघे ३ होते. दोन मतदारांचे मन फिरते तर निकाल फिरता. एकेका साध्या मतदाराच्या मनात काय चालते याचे मोल किती, हे यावरून दिसेल.

तथापि ‘धर्म विचारातच घेऊ नका’ असे म्हणून हा वाद मिटविणे आम्हांस पटत नाही. धर्म नावापुरता असेल तर त्याची चर्चा व्यर्थ. पण तो खरा असेल तर मनुष्याच्या निर्णयात उतरल्यावाचून राहणार नाही. विचारावयाचे ते इतकेच, की आपला देव न मानणाऱ्या मनुष्याविषयी आपले कर्तव्य काय, असे हा उमेदवार समजतो? जो परधर्मीयाचा हक्क कमी लेखतो, त्यास नाकारताना आम्ही त्याच्या देवास नाकारीत नाही. त्याच्या न्यायबुद्धीस नाकारतो. आणि हीच कसोटी स्वधर्मीय उमेदवारासही लावली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी, मुंबईतील सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात, उमेदवाराच्या वा मतदाराच्या धर्माच्या नावावर मते मागणे हा भ्रष्टाचार ठरविला. परंतु कायदा उमेदवाराची जीभ आवरील. मतदाराचे मन त्याचे त्यानेच आवरावयाचे.

येथे नातवाने एक कठीण गोष्ट काढली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातींत गणला जात नाही. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्यात स्थान मिळाले, ख्रिस्त्यांना नाही. म्हणून राखीव जागेवर त्यास उभेही राहता येत नाही. “येथे कायदाच उमेदवाराचा धर्म पाहतो,” तो म्हणाला, “मग आपलाच माणूस सभागृहात नको काय?” त्याच्या शब्दांतील दुःख खरे आहे, आणि त्यावर उपदेशाची मलमपट्टी करण्याचा आम्हांस अधिकार नाही. तरी आम्ही त्यास विचारले, की आपल्या नावाचा मनुष्य हे दुःख बोलेलच, याची हमी कोणती? आमच्या मंडळ्यांतूनही जातीची कुंपणे पुरती मोडली आहेत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? हा प्रश्न मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास, मग तो कोणत्याही धर्माचा असो, विचारावा. आणि उत्तर तोलावे.

मग आम्ही मावशींस त्यांच्याच पवित्र शास्त्रातील दाखल्याची आठवण दिली. वाटेवर लुटलेला मनुष्य पडला आहे. याजक पाहून निघून जातो, लेवीही जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याचा धर्म त्या काळी पाखंड समजला जाई. आता हे तिघे उमेदवार म्हणून उभे राहिले, तर त्या जखमी मनुष्याने कोणास मत द्यावे? प्रभूने ज्यास ‘शेजारी’ ठरविले त्यास मत दिल्याने प्रभूशी प्रतारणा कशी होईल? मत हा नैवेद्य नव्हे. ती शेजाऱ्याची ठेव आहे, आणि ती ज्याच्या हाती सुरक्षित राहील त्याच्या हाती देणे हेच श्रद्धेस धरून आहे.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, “मी प्रार्थना करून ठरवीन.” आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही. बुधवारी त्या नातवाचा हात धरून मतदान-केंद्रावर गेल्या. मत कोणास दिले ते त्यांनी सांगितले नाही, व आम्हीही विचारले नाही.