चेहरा आणि मागची माणसं

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत ऊन असं असतं की दुपारी बाराला कुणाचाही फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख उतरतो. म्हणून मी बंजारा आजींना मंडपाच्या कडेला बसवतो, चेहरा मोकळ्या आभाळाकडे. त्यांच्या कांचळीवरच्या, म्हणजे चोळीवरच्या, आरशांवरून परतलेला उजेड हनुवटीखाली पोचतो. वेगळा दिवा लागत नाही.

खरा प्रश्न ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ठेवायचं याचा आहे. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सवर एफ १.८ ठेवून जवळून टिपलं तर डोळे धारदार येतात, कानाजवळचा घुगरी हा दागिना विरघळतो आणि मागचा तांडा नुसता रंग होतो. एफ ८ वर सून, नातवंडं, बंजारा संत सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा, सगळं ओळखू येतं. यातली याडी, म्हणजे आई, कोणती खरी?

याचं उत्तर मला जवळच सापडलं. पोहरादेवीच्याच जिल्ह्यात, कारंजा लाडच्या जैन मंदिरांत, जुन्या हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. जैन परंपरेत एका बाजूने पाहण्याला ‘नय’ म्हणतात. तो अपुरा असतो, पण खोटा नसतो. बाकीच्या बाजू नाकारल्या की मात्र त्याचा ‘दुर्नय’ होतो. मला हे पटतं. सुरकुत्यांवर थांबणं हीसुद्धा भक्तीच आहे. पण तेवढीच ती बाई, असं म्हणणं अन्याय आहे.

तेव्हा यात्रेला कॅमेरा घेऊन याल तर एक फोटो एफ ८ वर जरूर काढा, आणि घरच्यांना तोही द्या.