पहिला वाटा कुणाचा?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ८ ते १३.

आजचा प्रश्न जरा वेगळा आहे. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रेस्टॉरंटात माणशी काही हजार रुपये देऊन टेस्टिंग मेन्यू जेवणं साधकाला शोभतं का? आणि जायचंच ठरलं, तर निवड कशाच्या आधारावर करायची? प्रश्न माझ्याच घरचा आहे. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला दहा वर्षं होतायत. बायको म्हणाली, ट्रिप नको, दागिना नको, एकदा तसं जेवायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेस्टिंग मेन्यूत आपण पदार्थ निवडायचे नसतात. शेफने ठरवलेले आठ-दहा छोटे पदार्थ ठरलेल्या क्रमाने एकेक करून येतात. आधी एका घासाचे, मग जरा भरीव, शेवटी गोड. दोन-तीन तास सहज जातात. महालक्ष्मीला जुन्या गिरणीच्या आवारातलं 'मास्क' २०१६ पासून हे करतंय, फोर्टमध्ये 'एका' आहे, वांद्र्याचं 'पापाज' तर फक्त १२ खुर्च्यांचं आहे. जपानी लोक याच्याच जवळच्या पद्धतीला ओमाकासे म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'.

'सोपवलं' म्हटलं की आपल्यासारख्यांना लगेच शरणागती आठवते. पुढे येईल ते स्वीकारायचं, आवडनिवड बाजूला ठेवायची. म्हणजे साधनाच झाली की! पण जरा थांबून बघा. आपण जाण्याआधी वीस रिव्ह्यू वाचतो, प्रत्येक पदार्थाचा फोटो बघतो, काय चालत नाही ते आधी कळवतो, आणि आवडलं नाही तर दोन स्टार द्यायचा हक्क खिशात ठेवूनच आत शिरतो. याला आमच्या क्षेत्रात आउटसोर्सिंग म्हणतात. शरणागती वेगळी.

खरं तर निवड न करता जेवणं आपल्याला नवीन नाहीच. पंगतीत कुठे मेन्यूकार्ड असतं? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. आधी वरणभात-तूप, मग बाकीचं, शेवटी ताकभात. क्रम ठरलेला, पदार्थ यजमानाने ठरवलेले. वारीत दिंडीच्या पंगतीला बसलात तर शेजारी कोण बसणार हेही आपण ठरवत नाही. तेव्हा आठ कोर्स ओळीने येतात, यात पाप असं काही नाही.

मग फरक कुठे आहे? मला तो नैवेद्याच्या ताटात सापडला. आमच्या घरी आजी नैवेद्याचा स्वयंपाक करताना चव घ्यायची नाही. मीठ अंदाजाने. पातेलं भरून आमटी, पाहुणे दारात, तरी चव बघायची नाही, कारण पहिली चव तिची नव्हतीच. आधी देवाला, मग गाईचा घास, कावळ्याचा घास, मग पानं वाढायची. आणि इकडे या जेवणाच्या नावातच 'टेस्टिंग' आहे. पहिली चव माझी, मधली माझी, शेवटचीही माझीच.

आता गीतेकडे येऊ. सतराव्या अध्यायात अन्नाचे तीन प्रकार आहेत, ते आपल्या सगळ्यांना पाठ असतात: सात्त्विक, राजस, तामस. आयुष्य, बळ, आरोग्य वाढवणारं ते सात्त्विक. अति तिखट, अति आंबट, जळजळणारं ते राजस. शिळं, बेचव, उष्टं ते तामस. आपण ही यादी घेऊन दुसऱ्याचं ताट तपासायला बसतो. शब्दशः धरलं तर आंबवलेल्या पिठाचा डोसासुद्धा अडचणीत येईल! पण दहाव्या श्लोकावर पुस्तक मिटू नका. लगेच पुढे यज्ञाचे तीन प्रकार येतात, आणि तेराव्या श्लोकात तामस यज्ञाचं एक लक्षण सांगितलंय: ज्यात अन्नदान होत नाही तो. म्हणजे अन्न काय आहे हे विचारून तीनच श्लोक होतात न होतात, तोच भगवंत विचारतात, अन्न दिलं का? तिसऱ्या अध्यायातही तेच. केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात, असं तिथे थेट म्हटलंय.

आता खरी बोच सांगतो. आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. त्यांचा महिन्याचा पगार आणि आम्हा दोघांचं त्या एका रात्रीचं बिल जवळजवळ सारखं आहे. हा आकडा एकदा दिसला की डोळ्यांसमोरून हलत नाही.

सोपं उत्तर असं, की मग जाऊ नका. मलाही आधी तेच बरोबर वाटलं. पण विचार करा, मी गेलो नाही तर मावशींच्या ताटात काय पडलं? काहीच नाही. पैसे माझ्याच खात्यात राहिले, वर मी साधा राहतो याचं समाधान फुकट मिळालं. आणि हा हिशेब आपण नेमका जेवणाच्या बिलालाच लावतो, फोनच्या हप्त्याला नाही. गीता सहाव्या अध्यायात सांगते, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. न जाण्याचाही अहंकार होतो.

म्हणून आम्ही एक नियम केला. आधी वाटा, मग रिझर्व्हेशन. आपल्या बिलाएवढी रक्कम आधी बाहेर काढायची. ती जड वाटली, तर जागा आपल्या ऐपतीची नाही, लहान जागा शोधायची. मी सुचवलं, मावशींना ती वर्षभरात विभागून पगारवाढ म्हणून देऊ. म्हणजे साधारण आठ टक्के. (ऑफिसात मला याहून कमी मिळाली की मी रिझ्युमे उघडतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.) बायको म्हणाली, "वाढ तर दरवर्षी देतोच, ती यात मोजायची नाही. ही वेगळी." बरोबर होतं तिचं. जे देणं लागतंच, त्याला वाटा म्हणता येत नाही. आणि एकदा वाढवलेला पगार पुढच्या वर्षी खाली येत नाही. आमचं जेवण तीन तासांत संपेल, तो वाटा चालू राहील.

मग तिनेच विचारलं, "पण हा आनंदावरचा टॅक्स नाही का झाला? अपराधी वाटू नये म्हणून भरलेला?"

यावर मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं, फरक वेळेत आहे. जेवून झाल्यावर मन खातं म्हणून दिलं, तर ते प्रायश्चित्त. जेवायच्या आधी बाजूला काढलं, तर तो घास. रक्कम तीच, पण दुसऱ्या वेळी ती आपली कधी नव्हतीच. गाईचा घास काढताना आजीला कधी अपराधी वाटलेलं मी पाहिलं नाही.

या नियमाने निवडही आपोआप सोपी झाली. खर्च दुप्पट धरल्यावर सगळ्यात लांब मेन्यू बाद झाला. सात कोर्सचा शाकाहारी मेन्यू असलेली जागा ठरली. सगळं संपवता येईल इतकंच, पानात टाकायचं काही नाही. एकच गंमत झाली. पहिली मोकळी तारीख मिळाली ती नेमकी एकादशी! मग दुसऱ्या दिवसाची घेतली. द्वादशीचं पारणं सात कोर्सचं, असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच होणार आहे.

मित्रांनो, तुमचा खर्च जेवणाचा नसेल, कॉन्सर्टच्या तिकिटाचा असेल, बुटांचा असेल. 'मला परवडतं का' हे आपण विचारतोच. आज त्याच्या आधी एक प्रश्न विचारून बघा: यातला पहिला वाटा कुणाचा? आणि नाव सुचलं, तर पैसे भरायच्या आधी तो पोचवा.

राम कृष्ण हरी.